पेपर टाकल्यानंतरचे दिवस

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ११.१० ला पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला. पोर्टलवर एक बटण असतं, ते दाबायचं आणि कारण निवडायचं. आठ कारणं दिलीयेत. 'अधिक चांगली संधी' निवडलं. माझं खरं कारण यादीत नव्हतंच: तिसऱ्यांदा मला टीम लीड केलं नाही म्हणून.

हातात ऑफर वगैरे काही नाही. सचिन गावडेने मागच्या वर्षी हेच केलेलं. नुसता पेपर टाकला, तर पराग दोन दिवस त्याच्या मागे मागे फिरला आणि तिसऱ्या दिवशी सचिन लीड. ऑफिसात ही पद्धत सगळ्यांना माहितीये. तोंडाने मागितलं की "पुढच्या अप्रेझलला बघू". पेपर टाकला की लगेच ऐकू येतं. आणि पराग माझ्यानंतर एक वर्षाने लागलेला, आज माझा मॅनेजर आहे, हे वेगळंच.

मला कसे सोडतील? लोडिंग मॉड्यूल अकरा वर्षं माझ्याकडे आहे. गोदामातला कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये आधी चढवायचा ते हे मॉड्यूल ठरवतं. तसं का ठरवतं ते फक्त मला माहितीये.

ऑफिसात पसरवलंय तेच घरी मेघनाला सांगितलं, की ऑफर आलीये, घोडबंदरलाच, प्रॉडक्ट कंपनी आहे, स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी. नुसताच पेपर टाकला म्हणालो असतो तर तिने... जाऊ दे. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग सांगेन, इथल्यांनीच थांबवलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पराग काही बोलला नाही. स्टँडअप नेहमीसारखा. रोजची मीटिंग उभ्याने दहा मिनिटांत उरकावी म्हणून त्याला स्टँडअप म्हणतात. आमच्याकडे पाऊण तास चालतो, सगळे खुर्चीत, दोघे झोपेत.

बहुतेक वर बोलत असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

केबिनमध्ये बोलावलं. मी दोन दिवस तयारी केलेली, त्याच्या कुठल्या वाक्याला आपलं कुठलं वाक्य. तर तो उठला आणि त्याने मिठीच मारली.

"नील्या, फार बरं वाटलं यार. मला नेहमी वाटायचं तू इथे सडतोयस. प्रॉडक्ट कंपनी ना? मस्त. मी नाही अडवणार तुला. अडवलं तर तो माझा स्वार्थ होईल."

मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो, थँक्यू.

राजीनामा मंजूर. नव्वद दिवसांची नोटीस, शेवटचा कामाचा दिवस ३० एप्रिल.

९ फेब्रुवारी, सोमवार. दिवस ८/९०

केटी सुरू. म्हणजे आपल्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं आणि मग आपण निघायचं. माझ्याकडून घ्यायला तन्वी नावाची मुलगी दिलीये. तेवीस वर्षांची, टिटवाळ्याहून येते, सहाला घर सोडते. मला वाटलेलं येईल, मान डोलावेल, जाईल. पहिल्याच तासात विचारलं, "सर, हे फंक्शन सातशे ओळींचं का आहे?"

कारण ते वाढत गेलं बाई. मीही वाढत गेलो. मी म्हणालो, "हिस्टॉरिकल रीझन्स."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. ११/९०

पहाटे साडेपाच ते सव्वासहा गेम खेळतो, इरा शाळेसाठी उठायच्या आत. वर्षानुवर्षांची सवय. सध्या तो किल्ल्यातला. आज पाऊण तासात एकाच राक्षसाकडून अकरा वेळा मेलो.

माझं मत: हल्लीचे ते मोठ्ठे गेम, जिथे नकाशाभर प्रश्नचिन्हं पसरलेली असतात, ते गेम नव्हेत, ऑफिस आहे. इथे जा, हे गोळा कर, त्याला दे, शाब्बास. मला छोटे, अवघड, खडूस गेम आवडतात. त्यात मेलो तर चूक माझीच असते आणि कुठे चुकलो ते दिसतं. पेपर टाकताना कुठे चुकलो? सचिनला थांबवलं, मला का नाही? बसमध्ये शिळफाट्यापासून खारेगावपर्यंत हाच विचार. सचिन लोकांना लागतो. तो गोड बोलतो. मी फक्त माझ्या कोडला लागतो.

१५ फेब्रुवारी, रविवार. १४/९०

सासरे जेवायला आलेले. मेघनाने फोनवर सांगून टाकलेलं. पेढे घेऊन आले.

"नीलेशराव, या वयात धाडस केलंत, मला अभिमान वाटला. आमच्या वेळी लागलो तिथूनच निवृत्त झालो." मग म्हणाले, सकाळी फिरायला येतात त्या सगळ्यांना सांगितलंय. "कंपनीचं नाव काय म्हणालात?"

करारात लिहिलंय, जॉइन होईपर्यंत सांगता येत नाही, असं मी म्हणालो. त्यांना तेही फार आवडलं. मेघना माझ्याकडे बघत होती. अभिमानाने बघत होती का निरखून, कळलं नाही.

माझा पेढा मी इराच्या वाटीत टाकला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. १९/९०

खरोखरची नोकरी शोधतोय आता. आतापर्यंत रिक्रूटरांचे सहा फोन. सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात, "हातात कुठली ऑफर आहे?" खरं बोललो, नाही म्हणालो. पलीकडची मुलगी एकदम थंड झाली. "ऑफर नसताना पेपर टाकला सर? मग काही परफॉर्मन्स इश्यू...?"

म्हणजे ऑफर असेल त्यालाच ऑफर. पुढच्या फोनला आहे म्हणालो. तिथल्या मुलीचा आवाज कसा बदलला! सरसकट सगळ्यांशी खोटं बोलायला लागलोय. परागशी, घरी, आणि आता जिचं नावही मला माहीत नाही तिच्याशी.

२८ फेब्रुवारी, शनिवार. २७/९०

हे लिहायलाही लाज वाटतेय.

आज एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट होती, दीड तासाची, कॅमेरा चालू ठेवून. घरी देता येईना, नोकरी लागलेला माणूस कशाला टेस्ट देईल? वॉचमनकडून सोसायटीच्या ऑफिसची किल्ली घेतली. गणपतीचं मखर, चटया, मोडका कॅरम, त्यात खुर्ची टाकून बसलो. पहिला प्रश्न सुटला. दुसरा अर्धा सुटला, आणि हात चालायला लागलेला, खरंच लागलेला. तेवढ्यात स्क्रीन लाल. 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.' मागे वळून बघतो तर भिंतीवर आमचे दिवंगत चेअरमन, हार घातलेला फोटो. मी खुर्ची सरकवली. चेअरमन फ्रेमच्या बाहेर गेले तर सेक्रेटरींचे वडील आत आले. तिसऱ्या इशाऱ्याला टेस्ट बंद. अपात्र.

हसू आलं आधी. मग त्या चटयांवर बसून रडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस.

किल्ली परत देताना वॉचमन म्हणाला, "साहब, मीटिंग अच्छी हुई?"

५ मार्च, गुरुवार. ३२/९०

एक मुलाखत झाली, व्हिडिओवर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात. घेणारा सव्वीसचा असेल. म्हणाला, "ट्री उलटा करून दाखवा." ट्री म्हणजे झाडासारखी मांडलेली माहिती, कॉलेजच्या पुस्तकातला प्रश्न; सतरा वर्षांत मला कुणी ट्री उलटा करायला सांगितलेला नाही. ट्रक वेळेत भरा एवढंच सांगितलं. मी भरले. करून दाखवला, पण हळू. मग त्याने विचारलं, एआय वापरून किती टक्के कोड लिहिता? वाचतो जास्त, लिहितो कमी, असं म्हणालो. एआय कोड भराभर लिहितं आणि छान दिसतो तो, पण तीन वर्षांनी का लिहिला ते विचारायला कुणी जागेवर नसतं. हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याला वाटलं नाही. "आम्ही कळवू."

१० मार्च, मंगळवार. ३७/९०

तन्वीला एक ओळ सापडली. वार गुरुवार असेल तर शेवटचे दोन खोके वगळा. वर माझीच कॉमेंट, नऊ वर्षांपूर्वीची: 'हे काढू नये. का ते विचारू नये.'

"सर, का?"

आठवेना. खरंच आठवेना. माझ्याशिवाय चालणार नाही अशी ज्याची फुशारकी मारत होतो, ते मलाच नीट माहीत नाही. तिला म्हणालो, बघून सांगतो. तिने दुपारी जुन्या मेलमधून शोधून काढलं. त्या गोदामाचा मागचा दरवाजा गुरुवारी लवकर बंद व्हायचा. गोदाम बंद होऊनही चार वर्षं झाली म्हणे.

तिने ओळ काढली. काही बिघडलं नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा. ४६/९०

सकाळी फडके रोडला शोभायात्रेत. इरा नऊवारीत, मेघनानेही नथ घातलेली, छान दिसत होती. सासऱ्यांना दर दहा पावलांवर कुणीतरी भेटे आणि ते मला पुढे करत. "आमचे जावई. मोठ्या कंपनीत चाललेत." लोक हात मिळवत होते. एकाने मुलाचा बायोडेटा पाठवतो म्हणून माझा नंबर घेतला. बायोडेटा आलाही दुपारी. मुलगा माझ्यापेक्षा हुशार आहे.

मेघना परत येताना म्हणाली, "अरे, ते ऑफर लेटर तरी दाखव ना मला. कधी बघितलंच नाही."

म्हणालो, ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे.

२५ मार्च, बुधवार. ५२/९०

आज ठरवून परागच्या केबिनमध्ये गेलो. राजीनामा मागे घेतो म्हणायचं. बसमध्ये वाक्य पाठ केलेलं. आत गेलो तर तो म्हणाला, "बरं झालं आलास, तुझ्या सेंड-ऑफला कुठे जायचं? सगळे म्हणतायत घोडबंदरचं ते गच्चीवालं हॉटेल." मी म्हणालो, चालेल.

बाहेर आलो. जागेवर बसलो. स्वतःची इतकी चीड यापूर्वी कधी आली नव्हती. तीन शब्दांचं वाक्य होतं.

२ एप्रिल, गुरुवार. ६०/९०

'आम्ही कळवू' वाल्यांनी कळवलं. नाही.

आता कुठलाच फोन नाही. सकाळचा गेमही बंद केला, नुसता कंट्रोलर हातात धरून बसतो. मेघना विचारते, बरं वाटत नाही का? इराने शाळेत निबंध लिहिलाय, 'माझे बाबा'. त्यात लिहिलंय, माझे बाबा नवीन कंपनीत जाणार आहेत कारण ते खूप छान काम करतात. बाईंनी 'सुंदर' शेरा दिलाय.

मला भीती वाटते. एक तारखेला मी सकाळी डबा घेऊन कुठे जाणार?

८ एप्रिल, बुधवार. ६६/९०

लोडिंग मॉड्यूल बंद पडलं. साडेदहाला. पाच गोदामांत ट्रक उभे, कुठला माल आधी चढवायचा कळेना. क्लायंटचे तिघे कॉलवर ओरडतायत, पराग पांढराफटक. तन्वी घाबरून माझ्याकडे बघतेय. पंचवीस मिनिटांत शोधलं. नवीन शहराच्या नावात स्वल्पविराम होता, बस्स. वाचनात सापडलं, एआयच्या नाही, माझ्या. बोटं भरभर चालत होती. त्या पंचवीस मिनिटांत मला काहीच आठवत नव्हतं, ऑफर नाही, सासरे नाहीत, काही नाही. मला हे काम येतं. एवढंच येतं, पण हे येतं.

ट्रक सुटले. कॉलवर कुणीतरी टाळी वाजवली.

९ एप्रिल, गुरुवार. ६७/९०

परागने बोलावलं. दार लावलं. "नील्या, ऐक. कालचं वरपर्यंत गेलंय. मी बोललो. तुला लीड करतो, तिकडे देतायत तेवढंच देतो. थांब यार. मी तेव्हा मोठेपणा केला, चुकलं माझं."

६६ दिवस ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य! डोळ्यांत पाणीच आलं. त्याला वाटलं, नवीन कंपनी सोडायचं दुःख.

"विचार करून सांगतो," असं म्हणालो. म्हणायची पद्धत असते म्हणून. जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून हसलो. घरी येताना इराला आइस्क्रीम.

१० एप्रिल, शुक्रवार. ६८/९०

सकाळीच परागला थांबतो म्हणालो. दुपारी एचआरची मेल. 'आपला निर्णय ऐकून आनंद झाला. काउंटर-ऑफर मंजुरीसाठी आपल्याकडील ऑफर लेटरची प्रत मंगळवारी दुपारी १२ पर्यंत पाठवावी.'

तीनदा वाचली.

परागला विचारलं, पत्राशिवाय नाही का होणार? "अरे नुसती फाइलला लावायला पाहिजे. ऑडिट असतं. नाव झाकून पाठव हवं तर. आहे ना तुझ्याकडे?"

आहे म्हणालो.

१२ एप्रिल, रविवार. ७०/९०

केलं.

मेघना आणि इरा सासऱ्यांकडे गेलेल्या, दुपारी तीन तास मिळाले. पत्र दोन पानी. कंपनीचं नाव सुचायलाच अर्धा तास गेला. शेवटी इराच्या कंपास बॉक्सवरचं नाव उलटं लिहिलं. लोगो, पत्ता, सही. माझं काम नीटनेटकं असतं, हेही झालं. वाईट एवढंच की करताना मजा येत होती.

पकडलं तर काढतीलच. आणि नुसतं काढणार नाहीत, पुढची प्रत्येक कंपनी यांना फोन करून विचारेल आणि हे सांगतील. नाही पाठवलं तर ३० तारखेला बाहेर. खरं सांगितलं तर? परागला खरं सांगितलं तर तो हसेल का चिडेल मला ठरवता येत नाही. फेब्रुवारीत बहुतेक हसला असता.

१३ एप्रिल, सोमवार. ७१/९०

घरी आलो तर मेघना दारातच. डोळे लाल. मला वाटलं, सासऱ्यांना काही झालं.

इराच्या प्रोजेक्टचं प्रिंट काढायला तिने घरचा लॅपटॉप उघडला, तर समोरच पत्र.

"मी वाचलं," म्हणाली. मी चपला काढता काढता थांबलो. मग ती म्हणाली, "मला माफ कर. खरं सांगू? मला महिनाभर संशय येत होता, ऑफर नाहीचये म्हणून. तू कसातरी वागत होतास. मी बाबांनाही बोलून दाखवलं. कसली बायको मी."

आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा. इरा विचारत होती, काय झालं, काय झालं.

श्रीखंड आणलेलं तिने.

१४ एप्रिल, मंगळवार. ७२/९०

आज घरून काम. मेघना शिकवते त्या शाळेला सुट्टी. इरा खाली खेळायला गेलीये.

सव्वानऊला सांगितलं. चहाचा कप तिच्या हातात होता.

"ते पत्र मी केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनी नाहीये. ऑफर नाहीये. कधीच नव्हती."

तिने एकेक विचारलं. पेपर खरंच टाकलास का? टाकला. कशासाठी? परागने थांबवावं म्हणून. थांबवलं नाही? नाही. आता थांबवतोय? हो, पण पत्र मागतायत, बारापर्यंत. दुसरं कुणाला माहितीये? कुणालाच नाही. मी सगळी उत्तरं दिली, लोडिंगचं सांगितलं, सोसायटीच्या ऑफिसातलंही सांगितलं. ती हसली नाही. कप खाली ठेवला.

"आणि काल मी तुझी माफी मागितली," म्हणाली.



आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज. एकदा वाटलं बॅग भरतेय. साडेदहाला बाहेर आली, मेथी निवडायला बसली, एक जुडी निवडली, दुसरीला हात लावला नाही. अकराला एचआरची आठवण करून देणारी मेल आली, 'प्रतीक्षेत'. मी वाचून दाखवली.

सव्वाअकराला टेबलाशी येऊन बसली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पेपर तपासते तशी, ओळीखाली बोट धरून. मला वाटत होतं, आता झाकण आपटेल. किंवा परागला फोन लाव म्हणेल. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर मध्येच थांबली.

"एक मेला जॉइनिंग घातलंयस," म्हणाली. "एक मेला सुट्टी असते."

एवढंच. तारीख बदल म्हणाली नाही, पाठवू नकोस असंही म्हणाली नाही. बोट अजून त्याच ओळीवर आहे. अकरा चाळीस झालेत. मी समोर बसून हे लिहितोय आणि तिने मान वर केलेली नाही.